नागठाणे, नागठाणे आणि नागोठणे

बालगंधर्वांचं गाव कोणतं, असं विचारलं की नाटकाची थोडीफार आवड असलेला माणूस ‘नागठाणे’ म्हणून मोकळा होतो. पण कोणतं नागठाणे? एक सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठी. बालगंधर्वांचं ते हे. दुसरं सातारा तालुक्यात. साताऱ्याहून कराडकडे निघालं की महामार्गावरच लागतं. आणि ठाण्या-नवी मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांपुढे येतं ते तिसरंच, नागोठणे: रोहा तालुका, अंबा नदी, गोव्याच्या रस्त्यावरचं. फोनवर मराठी टाइप करताना ‘नागठाणे’चं ‘नागोठणे’ व्हायला वेळ लागत नाही. मग पत्रिका छापून येते आणि बालगंधर्व रायगडचे होऊन बसतात.

स्मरणिका, निवेदनाची संहिता, सोसायटीची प्रश्नमंजूषा किंवा ‘आपल्या मातीतले कलावंत’ छापाचा फलक ज्यांच्या गळ्यात पडतो, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन आला की ठाण्यात ही कामं निघतातच. नवी मुंबईत त्यात आणखी एक धार असते. कोपरखैरणे-घणसोलीकडे माथाडी मंडळींची गाववार मंडळं आहेत; सातारा, सांगली, जुन्नर, आंबेगाव अशा भागांतली. तिथे व्यासपीठावरून गावाचं नाव चुकलं तर निवेदकाचं काही खरं नाही.

नागठाण्याचा घोळ फक्त टायपिंगचा असता तर सोपं होतं. जुनी पुस्तकं उघडा, त्यात ‘जि. सातारा’ दिसेल, आणि वाचणारा साहजिकच महामार्गावरच्या नागठाण्यावर बोट ठेवेल. कारण असं की आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. त्याआधी जन्मलेल्या, वाळवा-तासगाव-शिराळा पट्ट्यातल्या माणसाच्या नावापुढे सातारा असणं चूक नाही. तेव्हा तसंच होतं. पलूस तालुका तर त्याहून कितीतरी नवा. १८८८ साली जन्मलेल्या बालगंधर्वांच्या चरित्रात ‘ता. पलूस’ सापडणार नाही आणि आजच्या नकाशात त्यावाचून गाव सापडणार नाही. म्हणून छापताना आजचा तालुका आणि आजचा जिल्हा द्यावा, आणि जागा असेल तर कंसात ‘तेव्हा जि. सातारा’ जोडावं. एवढ्याने दोन्ही बाजूंचे वाचक गप्प बसतात.

त्याच पट्ट्यातलं दुसरं उदाहरण पठ्ठे बापूरावांचं. लावणी-वगाच्या कार्यक्रमात निवेदक ‘रेठऱ्याचे बापूराव’ म्हणून टाळी घेतो. रेठरे एक असतं तर ठीक. कराड तालुक्यात रेठरे बुद्रुक आणि रेठरे खुर्द, वाळवा तालुक्यात रेठरे धरण आणि रेठरे हरणाक्ष. बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्ण कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचे. रेठरे बुद्रुक साखर कारखान्यामुळे जास्त कानावर पडलेलं, त्यामुळे शोधायला गेलं की तेच आधी समोर येतं. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: नावामागचं शेपूट हाच नावाचा महत्त्वाचा भाग. बुद्रुक, खुर्द, हरणाक्ष, धरण हे जागा वाचवायला कापायचे शब्द नाहीत. आचार्य अत्र्यांचं जन्मगाव कोडीत खुर्द, आणि शेजारी कोडीत बुद्रुक आहेच. ‘खुर्द’ उडवलं की कोडीतकरांपैकी निम्म्यांना तुम्ही उगाच खूश करता. कुसुमाग्रजांचं शिरवाडे वणी घ्या. त्यातलं ‘शिरवाडे’ गाळून कोणी नुसतं ‘वणी’ लिहिलं तर वाचणारा एकतर सप्तशृंगीच्या पायथ्याकडे जातो नाहीतर थेट यवतमाळात. गाव मात्र निफाड तालुक्यात. आणि हे त्यांचं गाव असलं तरी जन्म पुण्याचा, १९१२ चा. आळंदीचं तर सगळ्यांना पाठ असायला हवं: देवाची, म्हातोबाची आणि चोराची, तिन्ही पुणे जिल्ह्यातच.

तालुक्याच्या नावातही एक खाच आहे. काही तालुक्यांचं नाव एक आणि मुख्य ठिकाण दुसरं. पुरंदरचं सासवड, मुळशीचं पौड, मावळचं वडगाव, खेडचं राजगुरुनगर. ‘अत्रे सासवडचे’ हे बोलताना चालून जातं, पण ‘कोडीत खुर्द, ता. सासवड’ असं छापलं की ते चूक. ता. पुरंदर, मुक्काम सासवडजवळ. नकाशावर शोधणारे मुख्य ठिकाणाच्या नावाने शोधतात आणि अधिकृत यादीत तालुक्याच्या नावाने नोंद असते, म्हणून दोन्ही माहीत हवं.

खेडवरून आठवलं. ‘ता. खेड’ एवढंच लिहून थांबणारे भरपूर. नामदेव ढसाळांचं पूर हे गाव पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं जन्मगाव शेरवली हेही खेड तालुक्यातच, पण ते खेड रत्नागिरीचं, कोकण रेल्वेवरचं. ठाण्यातून कोकणात जाणाऱ्या माणसासाठी ‘खेड’ म्हणजे हेच दुसरं. त्यामुळे ढसाळांच्या कवितावाचनाच्या पत्रिकेत जिल्हा लिहिला नसेल तर वाचणाऱ्यांतले निम्मे त्यांना मनातल्या मनात कोकणात नेऊन ठेवतात.

कर्व्यांचा आणखी एक पेच आहे आणि तो या सगळ्यातला माझा आवडता. त्यांचं गाव मुरूड. पण हे मुरूड दापोली तालुक्यातलं, हर्णे-आंजर्ल्याच्या बाजूचं. ‘समाजस्वास्थ्य’ चालवणारे त्यांचे चिरंजीव र. धों. कर्वे यांचंही तेच. आता नाना पाटेकर. जन्म १९५१, मुरूड. हे मुरूड-जंजिरा, रायगड जिल्हा. म्हणजे ‘मुरूड हे कोणत्या प्रसिद्ध व्यक्तीचं गाव?’ या प्रश्नाला दोन बरोबर उत्तरं आहेत आणि गावं दोन आहेत. तिसरं मुरूड लातूर तालुक्यात, लातूरहून बार्शीकडे जाताना. मराठवाड्यातल्या माणसाला मुरूड म्हणजे तेच, समुद्राचा संबंध नाही. चौथं हवंच असेल तर आपल्याच जिल्ह्यातलं मुरबाड आहे, जे घाईत वाचणाऱ्याला मुरूड दिसतं. जुन्या पुस्तकात जंजिऱ्याच्या मुरूडपुढे ‘जि. कुलाबा’ भेटेल. गोंधळू नये, कुलाब्याचं रायगड झालं १९८१ मध्ये. दक्षिण मुंबईतल्या कुलाब्याशी त्याचा काही संबंध लावू नये.

त्याच वर्षी, १ मे १९८१ रोजी, रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्ग वेगळा झाला. त्याचा फटका आरवलीला बसतो. जयवंत दळवींची आरवली वेंगुर्ले तालुक्यातली, वेतोबाची. दुसरी आरवली संगमेश्वर तालुक्यातली, मुंबई-गोवा महामार्गावरची, गरम पाण्याच्या कुंडांची, आणि कोकण रेल्वेवर ‘आरवली रोड’ हे स्टेशनही तिच्याच नावाचं. १९८१ पूर्वीच्या कोणत्याही मजकुरात दोन्हींपुढे ‘जि. रत्नागिरी’ बरोबरच असणार. म्हणजे गाव तेच, जिल्हा तोच, आणि फरक करणारं एकमेव अक्षर तालुक्यात. तालुका नसलेली जुनी नोंद हाती आली तर ती वापरू नये. दुसरा आधार मिळेपर्यंत बाजूला ठेवावी.

साने गुरुजींचं पालगड ही खास आपल्या बाजूची चूक. पालगड दापोली तालुक्यातलं, पण ठाणेकरांच्या फोनला माहीत असतं पालघर. २०१४ च्या १ ऑगस्टपर्यंत पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं, त्यामुळे ‘साने गुरुजी आपल्या ठाणे जिल्ह्यातले’ अशी गोड समजूत करून घ्यायला सोय आहे. सावित्रीबाई फुल्यांच्या बाबतीत सापळा दुहेरी. कवयित्री म्हणून त्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ चा. जन्मगाव नायगाव, ता. खंडाळा. इकडच्या माणसाला नायगाव म्हणजे दादरचं, नाहीतर वसईच्या अलीकडचं स्टेशन. आणि खंडाळा म्हणजे लोणावळ्याचा घाट. दोन्ही अंदाज चुकतात, कारण हा खंडाळा सातारा जिल्ह्यातला तालुका आहे. ‘नायगाव (खंडाळा)’ असं लिहून आपण स्पष्ट लिहिल्याचं समाधान मिळतं आणि वाचणारा दोनदा भरकटतो. ‘जि. सातारा’ हे दोन शब्द इथे कधीही गाळू नयेत.

सर्वांत फसवी चूक मात्र ती, जी चूक वाटतच नाही. दया पवारांचं धामणगाव अकोले तालुक्यातलं, अहिल्यानगर जिल्हा. इंग्रजीतून उतरवलेल्या यादीत अकोलेचं अकोला होतं. ‘धामणगाव, अकोला’ हे वाचून कोणालाच शंका येत नाही, कारण विदर्भात अमरावती जिल्ह्यात धामणगाव रेल्वे हे चांगलं मोठं गाव आहेच, आणि अकोल्यापासून ते फार लांबही नाही. चुकीचं गाव चुकीच्या जिल्ह्याला इतकं चपखल बसतं की मुद्रितशोधकसुद्धा पुढे जातो. त्यात अकोले तालुक्यात धामणगाव आवारी आणि धामणगाव पाट अशी दोन आहेत. अकोले, अकोला, अकोट आणि अकलूज ही चार नावं एकाच पानावर आली की प्रत्येकाचा जिल्हा समोर धरून तपासावं. अकलूज सोलापूर जिल्ह्यातलं, द. मा. मिरासदारांचं जन्मगाव. धामणगावातला पहिला काना गळून ‘म’चा चुकून ‘र’ झाला तर धरणगाव होतं, आणि ते बालकवींचं जन्मगाव, जळगाव जिल्हा. म्हणजे एवढ्याशा चुकीने दया पवारांचे बालकवी होतात!

मिरासदारांचं नाव आलंच आहे तर शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकरही घेऊ. या तिघांनी मिळून कथाकथनाचे कार्यक्रम गावोगाव केले. लेखक आणि रंजन करणारे, दोन्ही एकाच देहात. शंकर पाटलांचं गाव पट्टणकोडोली, हातकणंगले तालुका. नुसतं ‘कोडोली’ लिहिलं की ते पन्हाळा तालुक्यातलं, वारणेकडचं गाव होतं. जिल्हा दोन्हींचा कोल्हापूर, त्यामुळे जिल्हा लिहूनही उपयोग नाही. व्यंकटेश माडगूळकर माडगुळ्याचे, आटपाडी तालुका. पण त्यांचे थोरले बंधू ग. दि. माडगूळकर यांचा जन्म १९१९ चा, शेटफळे इथला, तालुका तोच. आडनाव माडगूळकर म्हणून दोघांनाही माडगुळ्यात जन्माला घालणारे आहेत. शेटफळेचा शेवटचा एकार गळला की शेटफळ होतं, आणि ते सोलापूर जिल्ह्यात मोहोळ तालुक्यात आहे; इंदापूर तालुक्यात शेटफळगढे आहे. माडगूळकरांच्या लहानपणी हा मुलूख औंध संस्थानात होता. औंध म्हणताच पुण्यातलं औंध डोळ्यांपुढे येतं, पण हे संस्थान सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातलं औंध. आणि हिंगोलीचं औंढा नागनाथ यापेक्षा अर्थातच वेगळं.

आडनावावरून गाव ठरवायची सवय मोडायलाच हवी. हिराबाई बडोदेकरांचा जन्म मिरजेचा. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा जन्म पंढरपूरचा, फड नारायणगावचा. केसरबाई केरकरांच्या बाबतीत आडनाव खरं बोलतं, पण अपुरं: गोव्यात केरी एक नाही. फोंडा तालुक्यात एक, सत्तरीत एक, पेडण्यात तेरेखोलच्या बाजूला एक. केसरबाई फोंड्याच्या केरीच्या. गोवा दाखवणाऱ्या सहलीत ‘केरी’ म्हणून किनाऱ्यावर उतरवलं तर तो पेडण्याचा किनारा, गाण्याशी संबंध नाही. मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी सांगे तालुक्यातलं. साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेलं आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येणारं. तिथे पावसाळ्यानंतर सहल काढू नये, एवढं सांगितलं तरी पुरे. ‘कुर्डी’वरून कुर्डुवाडी आठवणं साहजिक आहे, पण ते सोलापूर जिल्ह्यातलं जंक्शन.

खुद्द राम गणेश गडकरी, ज्यांच्या नावाचं नाट्यगृह ठाण्यात मासुंदा तलावाकाठी उभं आहे, त्यांचा जन्म नवसारीचा, गुजरातमधला, १८८५ चा. मृत्यू सावनेरला, नागपूर जिल्ह्यात, १९१९ मध्ये. कित्येक ठिकाणी ‘गाव: सावनेर’ एवढंच असतं. म्हणून एकच ‘गाव’ हा रकाना ठेवूच नये. जन्मस्थळ, मूळ गाव आणि कार्यक्षेत्र असे तीन रकाने करावेत आणि ज्याचा आधार नाही तो कोरा सोडावा. संपादकांना कोरा रकाना आवडत नाही हे माहीत आहे. तरी सोडावा.

आता तपासायचं कसं. पहिलं पाऊल जमिनीच्या सातबाऱ्याचं सरकारी संकेतस्थळ. तिथे जिल्हा निवडा, मग तालुका, मग गावांची उतरती यादी उघडते. सातबारा काढायचा नाही, नुसती यादी वाचायची. त्या तालुक्यात तुमचं गाव आहे का, आणि त्याच नावाची बुद्रुक-खुर्द जोडी आहे का, हे दोन मिनिटांत कळतं. नाव तिथे नसेल तर घाबरू नका. वाडी किंवा वस्ती असेल आणि महसुली गावाचं नाव वेगळं असेल. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘बागलांची राई’ या जन्मगावासारखी नावं अशीच चकवतात. दुसरं, जनगणनेची गावयादी. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी क्रमांक आहे. मोठी सूची करत असाल तर तो क्रमांक आपल्या तक्त्यात ठेवा, छापू नका. ना. धों. महानोरांच्या पळसखेड्यासारखं नाव खानदेश-मराठवाड्यात पुन्हा पुन्हा येतं. त्यांचं सोयगाव तालुक्यातलं. अशा वेळी क्रमांकच कामाला येतो.

पिनकोडचा उपयोग मर्यादित आहे. ४१५ ने सातारा आणि रत्नागिरी दोन्ही सुरू होतात, ४१६ मध्ये कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्ग एकत्र. तरी दोन आरवल्या वेगळ्या करायला तो पुरतो, आणि दोन नागठाणी करायलाही. दोन कोडोल्यांना पहिले तीन आकडे उपयोगाचे नाहीत, पूर्ण सहा बघावे लागतात. पिनकोड सुरू झाले १९७२ मध्ये, त्यामुळे जुन्या पत्रात शोधू नका.

कागदाचा आधार हवा तर लेखकाच्या स्वतःच्या आत्मचरित्राची पहिली वीस-पंचवीस पानं बघावीत. तिथे शेजारगावं, नदी, बाजाराचं गाव सापडतं, आणि बाजाराचा गाव सापडला की तालुका सापडला. ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासूनचं आहे. जुन्या आवृत्त्या बघायला तिथे जावं, नव्या आवृत्तीत जिल्हे ‘सुधारून’ घेतलेले असू शकतात आणि सुधारणाऱ्याला दोन नागठाणी माहीत असतीलच असं नाही. दुसऱ्याच्या स्मरणिकेतून स्मरणिका करणं हा रोगाचा प्रसार आहे.

जिल्ह्यांची नावं आता बदलली आहेत: अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, धाराशिव. माझं मत असं की आजचं नाव द्यावं आणि एका पुस्तिकेत एकच पद्धत ठेवावी. एका पानावर उस्मानाबाद आणि दुसऱ्यावर धाराशिव असलं की वाचणाऱ्याला ते दोन जिल्हे वाटतात.

छपाईआधी मजकूर एकदा मोठ्याने वाचून घ्यावा, शक्यतो निवेदकाकडूनच. डोळा ‘बार्शी’ आणि ‘बार्शीटाकळी’ यांवरून घसरतो, जीभ अडखळते. शाहीर अमर शेख बार्शीचे, जिल्हा सोलापूर, बार्शीटाकळी अकोल्यात. आणि कार्यक्रम त्या गावचाच कलावंत आणून करायचा असेल, तर सुपारीच्या कागदावर गाव, तालुका, जिल्हा आणि जवळचा एसटी थांबा लिहून घ्यावा. नागराज मंजुळेंच्या जेऊरला जायचं तर पुणे-सोलापूर मार्गावरच्या जेऊर स्टेशनला उतरावं, तालुका करमाळा. अहिल्यानगरहून संभाजीनगरकडे जातानाही एक जेऊर लागतं, आणि अक्कलकोट तालुक्यात तिसरं आहे. गाडी ठरवताना चालकाला फक्त ‘जेऊर’ सांगितलं तर तो कुठल्या तरी जेऊरला नेईल, याची खात्री बाळगा.

प्रश्नमंजूषेसाठी प्रश्न उलटा करावा. ‘मुरूड कोणाचं गाव?’ असं न विचारता ‘दापोली तालुक्यातल्या मुरूडचे, १९५८ सालचे भारतरत्न कोण?’ असं विचारावं. कर्व्यांना तो सन्मान १९५८ चा. उत्तर एकच निघतं आणि परीक्षकाच्या टेबलाशी कोणी हुज्जत घालायला येत नाही.